वंशावळीतली काळी रेघ

चुशी गावात फांग सोडून दुसऱ्या आडनावाचं माणूस औषधालाही सापडायचं नाही. लग्न होऊन आलेल्या बायका तेवढ्या वेगळ्या आडनावाच्या, आणि त्यांना विचारतो कोण. अशा गावात आपण फांग आहोत हे कुणी घोकत बसत नाही. चुआन-लिनही कधी बसला नाही. सेहेचाळीस वर्षं तो फांग होता, आणि त्यातली वीस वर्षं तर त्याचं पोटच त्या आडनावावर चाललं होतं.

म्हणजे असं, की गावचं कुळमंदिर बघायला परदेशी लोक येत, आणि त्यांना ते दाखवायचं काम चुआन-लिनकडे होतं. इंग्रजी तो रेडिओवरून शिकलेला. दगडी खांब, कोरीव तुळया, पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या असं सगळं दाखवून झालं, की तो छातीवर हात ठेवून म्हणे, "आणि मी या कुळाची एकतिसावी पिढी." लगेच कॅमेरे तुळयांवरून त्याच्याकडे वळत. एरवी साधा होता बिचारा, पण या एका वाक्याला त्याची मान ताठ होई. दुसऱ्याची ताठ मान माणसाला बघवत नाही, कुठल्याही गावात जा. चुशीतही काहींना ती खुपत होती.

त्या हिवाळ्यात कुळाची नवी वंशावळ लिहायला घेतली होती. ही वही दर तीस वर्षांनी नव्याने लिहितात. छापील प्रती घरोघर जातात, पण एक प्रत हाताने, कुंचल्याने लिहून कुळमंदिरात ठेवायची असते, आणि पूर्वज वाचतात ती हीच असं म्हणतात. या कामाचे मुख्य होते सहावे काका, चुआन-लिनच्या बापाचे धाकटे भाऊ. नाव द-च्येन, वय चौऱ्याहत्तर, बत्तीस वर्षं गावच्या शाळेत मास्तर. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या बोटांवर त्यांच्या बांबूच्या पट्टीचे वळ उठले होते. चुआन-लिनचा हात त्यांनीच घडवला होता, आणि अख्ख्या गावात तसा स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून वहीतल्या रेघा ओढायचं काम त्याच्याकडे आलं.

रेघांना कमी समजू नका. नाव काय, कुणीही लिहील. बापाच्या नावाखालून निघून मुलाच्या नावावर उतरते ती रेघ, तीच तर वंशावळ. ती हिंगुळाची, लालभडक. रक्ताची म्हणून लाल. बाहेरून आणलेल्या पोराची रेघ काळी. लाल रेघेचं नाव सणाच्या दिवशी मोठ्याने वाचलं जातं, काळ्या रेघेचं नुसतं लिहून ठेवतात. चुआन-लिनने सगळा हिवाळा श्वास धरून लाल रेघा ओढल्या. चारशेवर घरं होती. काळ्या रेघा सगळ्या मिळून सात, त्याही कधीच्या मेलेल्या माणसांच्या. त्यातली एक ओढताना तो शेजारच्याला हसत म्हणालाही होता, "बघ, जन्मभर फांग म्हणून मिरवला असेल बिचारा."

फक्त थोरल्या शाखेचं पान त्याच्याकडे येत नव्हतं. थोरली शाखा म्हणजे त्याचंच घर. सणाला कुळमंदिरात पहिली उदबत्ती लावायचा मान या घराचा, म्हणजे त्याच्या बापाचा, द-शानचा. द-शान एक्याऐंशी वर्षांचा होता. सहा वर्षांपूर्वी तो न्हाणीत पडला आणि त्याची डावी बाजू गेली, तेव्हापासून त्याच्या वतीने चुआन-लिनच उदबत्ती लावी. पानाचं काय झालं म्हणून त्याने दोनदा विचारलं. "बघतो, बघतो," एवढंच सहावे काका म्हणाले. त्याला वाटलं, मानाचं पान आहे, शेवटी देत असतील. नव्या वहीत पहिल्यांदाच मुलींची नावं घालायची होती. शहरात शिकणाऱ्या लेकीला, च्या-यूनला, त्याने फोनवर सांगून ठेवलं होतं, की तुझ्या नावाची रेघ मी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत छान ओढणार.

छिंगमिंगला, म्हणजे थडगी झाडून पितरांना जेवू घालायच्या सणाला, बारा दिवस उरले असताना सहाव्या काकांनी त्याला घरी बोलावलं.

"बस. चहा घे," ते म्हणाले.

सहावे काका चहा घे म्हणाले की समोरच्याने सावध व्हावं. शाळेतही ते पट्टी उचलण्याआधी पोरांशी गोड बोलायचे. चुआन-लिनने कप हातात घेतला आणि काकांनी पान पुढे सरकवलं.

वर नाव होतं द-शान. खाली दोन नावं. उजवीकडे चुआन-श्योंग, 'भावाचा मुलगा, वारस घेतला'. चुआन-श्योंग म्हणजे सहाव्या काकांचाच धाकटा, तालुक्याच्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसणारा. डावीकडे चुआन-लिन, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात, मिंगलिंग.

मिंगलिंग म्हणजे हिरवी अळी. कुंभारमाशी ती उचलून आपल्या मातीच्या घरट्यात नेते. जुनी माणसं सांगतात, माशी त्या अळीभोवती 'माझ्यासारखी हो, माझ्यासारखी हो' असं गुणगुणते आणि शेवटी अळीची माशी होते. साफ खोटं आहे. माशी ती अळी नेते आपल्या पिल्लांना खायला. पण वहीत दत्तक पोराला शब्द हाच, आणि तो चुआन-लिनने त्या हिवाळ्यात सात वेळा पाहिला होता.

"काका, पान चुकलंय," तो म्हणाला.

"माझ्या हातून?"

"मागच्या वहीत माझी रेघ लाल आहे. मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा. या डोळ्यांनी पाहिलीय."

"मागच्या वेळी तुझ्या बापाने खोटं लिहवून घेतलं, आणि आम्ही मूग गिळून बसलो. थोरल्याच घरात वंशाला दिवा नाही, हे चारचौघांत बरं दिसत नव्हतं." काकांनी चहाचा घोट घेतला. "दुष्काळाच्या वर्षी तुला नदीच्या धक्क्यावरून आणला. टोपलीत घालून. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. शाळेत तुला चार पट्ट्या जास्त बसायच्या त्या उगाच नाही. आमच्या पोरांच्या रक्तात अक्षर असतं, तुझ्यात ते मारून घालावं लागलं."

"हे सांगितलं कुणी? गावात तोंडाळ माणसांना काय तोटा आहे?"

"तुझा बापच म्हणाला, या वेळी खरं लिही. तू पाहुण्यांना घेऊन डोंगरावर गेला होतास तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. कागदावर अंगठाही दिलाय. बघायचाय?"

काकांनी कागद दाखवला. लाल शाईतला उजवा अंगठा. त्या अंगठ्याचं नख दर आठवड्याला चुआन-लिन कापत असे. ठसा ओळखायला त्याला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"रेघ तूच ओढ," काका म्हणाले. "तुझ्याइतका हात कुणाचा चालत नाही. आणि मी ओढली तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने आपल्या पोरासाठी डाव साधला."

"डाव नाही तर काय आहे हा?"

"चहा गार होतोय तुझा," काका म्हणाले.

चुआन-लिन घरी आला तेव्हा द-शान खिडकीशी खुर्चीत बसला होता. जेवायची वेळ झाली होती. बायकोने, ग्वेइ-चूने, भाताची पेज आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी बारीक ठेचून ठेवली होती. चुआन-लिन रोजच्यासारखा समोर स्टुलावर बसला, म्हाताऱ्याच्या गळ्याशी फडकं बांधलं, चमचा फुंकला. सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ हेच चाललं होतं. चार चमचे त्याने भरवले. पाचवा तोंडाशी नेऊन तसाच धरला.

"बाबा, मी कुणाचा?"

म्हाताऱ्याने चमच्यासाठी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "द-च्येन बोलला वाटतं."

"तुम्ही बोलायचं होतं."

"माझ्याने झालं नसतं."

"त्याच्याशी बोलायला झालं. माझ्याशी बोलायला झालं नसतं."

द-शान खिडकीकडे तोंड करून बोलायला लागला, आणि वाकड्या तोंडानेही स्पष्ट बोलला. हे बोलणं त्याने मनात पुष्कळदा म्हणून ठेवलं असणार.

"तू यायच्या कितीतरी आधी, मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा ती मोठी उपासमार आली. तू ऐकली असशील, मी भोगलीय. झाडाची साल खाल्लीय, पांढरी माती खाल्लीय. धाकटी बहीण माझ्या मांडीवर गेली. आणि सांगू, माझ्या मनात पहिलं काय आलं? की आता तिच्या वाटणीचं मला." म्हाताऱ्याने ओठ चाटले. "मला परत उपाशी राहायचं नाही, आ-लिन. जिवंतपणी एक वेळ चालेल, मरून सुटता तरी येतं. मेल्यावर कुठे सुटणार?"

"मेल्यावर मी जेवू घालणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

"घालशील रे. तू घालशीलच. पण परक्या रक्ताने वाढलेलं पितरांना पोचत नाही. लहान पोरालाही ठाऊक आहे हे. तू भात ठेवशील, मासा ठेवशील, दारू ओतशील, आणि मी नुसता वास घेत बसेन. श्योंगने वाढलेलं पोचेल. त्याचं-माझं रक्त एक आहे."

"आणि हे?" चुआन-लिनने चमचा वर केला. "हे पोचतं ना?"

"हे पोटात जातं. ते वेगळं."

"सहा वर्षं जातंय ना पोटात? श्योंग या घरात कधी आला होता शेवटचा? नव्या वर्षाच्या सणाला फळांची पेटी ड्रायव्हरच्या हाती पाठवली त्याने, आणि स्वतः गाडीत बसून राहिला."

"मोठा माणूस आहे तो. त्याला वेळ नसतो," म्हातारा म्हणाला. आणि म्हणाला तेही कौतुकाने, बाप आपल्या पोराबद्दल बोलतो तसं. काळ्या रेघेचं पान बघून चुआन-लिनच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते आत्ता आलं.

त्याने विचारलं, टोपली कुणाची होती. होडीवरच्या एका बाईची, द-शान म्हणाला. तिचं आडनाव? विचारलं नाही. गाव कुठलं? होडी सुटायच्या घाईत होती, मुलगाच आहे ना एवढं बघून घेतलं. सेहेचाळीस वर्षं ज्याला आपण बाप म्हटलं त्याने आपली एवढीच चौकशी केली होती, हे चुआन-लिनला आता कळलं.

"रेघ ओढ रे," म्हातारा म्हणाला. "तुझ्याच हाताने ओढ. म्हणजे तुझ्यावर अन्याय झाला असं कुणी म्हणणार नाही." एवढं बोलून त्याने परत तोंड उघडलं. वाडग्यात पेज उरली होती.

आणि चुआन-लिनने ती भरवली. सवय माणसाकडून काय काय करून घेते पाहा. त्याने वाडगा संपवला, म्हाताऱ्याचं तोंड पुसलं, फडकं धुवायला टाकलं.

ग्वेइ-चूने सगळं ऐकलं होतं. ती मोरीत उभी राहून म्हणाली, "मग इतकी वर्षं मी मुताच्या चादरी धुतल्या त्या कुणाच्या सासऱ्याच्या?"

"हळू बोल. ऐकतील."

"ऐकू देत. लाल रेघेची सून आहे ना तालुक्याला, नखं रंगवून बसलेली? तिला म्हणावं ये आता, चादरी वाट बघतायत." मग ती हात पुसत जवळ आली. "तू ओढू नकोस रेघ. त्यांना काय करायचं ते करू देत."

"मी नाही ओढली तर दुसरा कुणीतरी वाकडीतिकडी ओढेल," चुआन-लिन म्हणाला.

ग्वेइ-चूने पाठ फिरवली आणि चादर पिळायला घेतली. असल्या माणसाशी भांडावं तरी कसं.

दुसऱ्या दिवशी तो सहाव्या काकांकडे गेला. आधी त्याने द-शानपासून चुआन-श्योंगपर्यंत लाल रेघ ओढली. मग कुंचला धुऊन काळ्या शाईत बुडवला आणि स्वतःच्या नावापर्यंत ओढली, एका दमात, कुठे न थरथरता. मग त्याने विचारलं, "माझ्यापासून च्या-यूनपर्यंत? ती तर माझ्या रक्ताची आहे."

"तुझ्या रक्ताची," काका म्हणाले. "आमच्या नव्हे."

लेकीच्या नावावरही काळी रेघ उतरली. काकांनी पान उजेडात धरलं, शाई वाळेपर्यंत फुंकलं, आणि म्हणाले, "रेघेला मात्र तोड नाही हो तुझ्या." ही त्यांनी आयुष्यात केलेली त्याची पहिली स्तुती होती.

सणाच्या दिवशी कुळमंदिर माणसांनी भरून गेलं. डुकराचं अख्खं डोकं, मासे, हिरव्या पिठाचे वाफवलेले उंडे अशी पितरांची पानं मांडली होती. चुआन-श्योंगने आदल्या दिवशीच तालुक्याहून चौदा परदेशी पाहुणे मुद्दाम आणले होते, आणि आज दोन पुढारीही. कुळाचं नाव जगभर झालं पाहिजे, असं तो काळ्या कोटाची बटणं लावत सगळ्यांना सांगत होता. चुआन-लिनला सहाव्या काकांनी बाजूला घेतलं.

"नीट समजावून सांग त्यांना सगळं. आणि जरा हस. सुतकी चेहरा करून उभा राहू नकोस."

"माझं नाव वाचणार नाही, पण वाचलेलं समजावून मी सांगायचं."

"काम आहे ते तुझं," काका म्हणाले.

द-शानची चाकांची खुर्ची मंदिराच्या उंच उंबरठ्यावरून आत येईना. नवा निळा कोट घालून म्हातारा दारात अडकून राहिला. श्योंग पलीकडे पाहुण्यांशी हात मिळवत होता. शेवटी चुआन-लिननेच त्याला पाठुंगळी घेतलं, आत आणलं आणि पहिल्या ओळीतल्या लाकडी खुर्चीत बसवलं. म्हाताऱ्याने त्याच्या कानाशी विचारलं, "श्योंग कुठे उभा आहे? मला दिसेल ना?" चुआन-लिनने खुर्ची थोडी वळवून दिली.

सहाव्या काकांनी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. ज्याचं नाव येई तो 'आहे' म्हणून पुढे होई, उदबत्ती लावी, तीनदा वाके. पहिलं नाव अर्थात थोरल्या शाखेचं.

"द-शानचा मुलगा, चुआन-श्योंग."

"आहे," श्योंग म्हणाला.

म्हाताऱ्याच्या वाकड्या तोंडाच्या कडेने लाळ गळत होती. आनंद झाला होता त्याला. चुआन-लिन पाहुण्यांकडे तोंड करून इंग्रजीत म्हणाला, "द-शान यांचा मुलगा चुआन-श्योंग. घराण्यातला सर्वांत मोठा मान या मुलाचा असतो." त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. त्याला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

पाहुण्यांत हॉलंडहून आलेली एक म्हातारी बाई होती, पांढऱ्या केसांची, हातात वही घेतलेली. सगळं टिपून घेत होती. ती म्हणाली, "तुम्ही काल सांगितलंत, तुम्ही एकतिसावी पिढी. तुमचं नाव कधी येणार?"

काल तो सवयीने बोलून गेला होता खरा. जीभ कुठली ऐकते.

"माझं नाव लिहिलेलं आहे. वाचत नाहीत," तो म्हणाला.

"का?"

"माझ्या रेघेचा रंग वेगळा आहे."

बाईने समजल्यासारखी मान हलवली आणि ते वहीत लिहून घेतलं.

वाचन तासभर चाललं. संपल्यावर पानांवरचं जेवण वाटायची धांदल सुरू झाली, श्योंग दाराशी फोटो काढून घेऊ लागला, आणि गलक्यातून हाक आली, "आ-लिन."

चुआन-लिनचे पाय आपोआप वळले. चार पावलं तो गेलाही.

"आ-लिन, लवकर. मला जायचंय," द-शान म्हणाला.

चुआन-लिन त्याच्यापुढे वाकला. आता दोन्ही हात बगलेत घालायचे आणि उचलायचं, दिवसातून पाच वेळा करायचा तसं. त्याने हात मागे घेतले.

"द-शानकाका," तो म्हणाला, "तुमचा मुलगा तिकडे दाराशी आहे. त्याला सांगा."

म्हाताऱ्याला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, थट्टा चाललीय. "अरे, धरवत नाही मला," तो म्हणाला, आणि हसायला बघू लागला. मग त्याने चुआन-लिनच्या तोंडाकडे पाहिलं. खुर्चीखालच्या फरशीवर पाणी पसरायला लागलं होतं.

सहावे काका लगबगीने आले. "काय चाललंय इथे? सगळ्यांसमोर शोभा नको, उचल त्याला."

"वही उघडा, काका. मुलगा म्हणून कुणाचं नाव वाचलंत मघाशी?"

"वही वेगळी, घर वेगळं. इतकी वर्षं करतोयस ना, मग आजच काय धाड भरली?"

"इतकी वर्षं मला रंग माहीत नव्हता."

काकांचा चेहरा लाल झाला. "टोपलीतून उचलून आणला, खायला घातलं, आडनाव दिलं. आणि तू खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?"

"वासे मोजले नाहीत, काका. रेघा तेवढ्या ओढल्या. तुम्हीच म्हणालात, चांगल्या ओढल्या."

काकांनी मान वळवून दाराकडे हाक मारली, "श्योंग, इकडे ये. तुझ्या बाबांना घरी न्यायचंय."

श्योंग चार पावलांवर येऊन थांबला. फरशीकडे बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं. "लिनदादा करतो ना हे नेहमी?" तो म्हणाला. "मला काही जमायचं नाही ते. आणि पुढाऱ्यांबरोबर जेवायला जायचंय मला." मग दोन्ही हातांनी द-शानला लवून नमस्कार केला, अगदी वारसाला शोभेल असा, आणि परत दाराशी गेला. म्हाताऱ्याला उचलायचं बळ सहाव्या काकांतही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. जेवण वाटायला बघतो असं पुटपुटत ते सटकले.

द-शान ओल्या कोटात खुर्चीत एकटा राहिला. डोळे चुआन-लिनवर.

चुआन-लिनला वाटलं, उचलावं. अगदी मनापासून वाटलं. वास येत होता, म्हाताऱ्याचे पाय गारठले असतील हेही त्याला ठाऊक होतं, सुकी विजार कुठल्या ट्रंकेत आहे तेही. पण त्या म्हाताऱ्याने अजून एका शब्दाने 'चुकलं' म्हटलं नव्हतं. एवढं जरी तो म्हणाला असता ना. चुआन-लिनने थोडा वेळ वाट बघितली.

"गार लागतंय," द-शान म्हणाला.

चुआन-लिन वळला आणि पाहुण्यांकडे गेला.

बाजूच्या भिंतीवर माणसाहून उंच अशी चार काळी अक्षरं आहेत. पाहुणे त्यातल्या दुसऱ्यापुढे माना वर करून उभे होते. हॉलंडच्या बाईने विचारलं, हे काय लिहिलंय.

"हा शब्द श्याओ," चुआन-लिन म्हणाला. "आमच्या संस्कृतीत याच्याहून मोठा शब्द नाही. आई-बापाची सेवा, असं म्हणा. नीट बघा, अक्षरातच सगळं आहे. वरचा भाग म्हणजे म्हातारा माणूस, खालचा भाग म्हणजे मुलगा. मुलगा म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन चाललाय."

"किती सुंदर," बाई म्हणाली, आणि तिने ते अक्षर वहीत काढून घ्यायला सुरुवात केली.

मागून हाक येतच होती. "आ-लिन. आ-लिन रे." आवाज मोठा नव्हता, पण मंदिर दगडी आहे, तिथे लहान आवाजही सगळ्यांना ऐकू जातो. पाहुण्यांतले दोघे-तिघे मागे वळले.

"ते आजोबा कुणाला बोलावतायत?" बाईने विचारलं.

"त्यांच्या मुलाला."

"मग तो जात का नाही?"

चुआन-लिनने दाराकडे बघितलं. श्योंग आता पुढाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

"आजच झालाय तो मुलगा," चुआन-लिन म्हणाला. "शिकेल हळूहळू."

सगळे पाहुणे हसले. त्यांना वाटलं, हा विनोद आहे. वाटाड्याने विनोद केला की हसावं, एवढी तर रीत त्यांच्याकडेही असणार. चुआन-लिनही त्यांच्याबरोबर हसला, आणि हसता हसता त्याला स्वतःची किळस आली. इंग्रजीचा एक शब्द म्हाताऱ्याला येत नव्हता, पण हसणं कुणालाही कळतं. पाहुण्यांचं हसणं थांबलं तेव्हा मागची हाकही थांबली होती, आणि त्या दिवशी द-शानने परत कुणालाच हाक मारली नाही.